न मागतां आलेलीं पत्रें

गूळ, रोपें विकणाऱ्या ज्या सभासदांनीं वेबसाइट काढली, त्यांस हल्लीं ई-मेल येतात: ‘आपल्या साइटमध्यें दोष आहेत, गूगलवर पहिला क्रमांक मिळवून देऊं.’ दोष कोणता, तें मात्र लिहिलेलें नसतें. आणि मोठ्या कंपनीचा म्हणविणारा गृहस्थ फुकटच्या जीमेलवरून लिहितो! अशी हमी कोणीहि देऊं शकत नाहीं, असें खुद्द गूगलच सांगतें.

‘साइटच्या नांवाची मुदत संपली, आजच पैसे भरा,’ ही नोटीस अधिक घातक. नोटिसा लिहिण्यांत आमची हयात गेली. धाडणारी कचेरी कोणती, हें आम्ही आधीं पाहतों. नांव जेथें नोंदविलें त्या कंपनीची जुनी पावती काढून ताडावी. पत्रांतील लिंकला हात लावूं नये. पैसे गेलेच, तर लाजून बसूं नये. १९३० वर तत्काळ कळवावें, रक्कम पुढें सरकण्यापूर्वीं अडविणें शक्य असतें.