कापडी डायपर घेताय? कव्हरवरचं चित्र नको, आतलं कापड बघा. पाटणला चालतो तो माणला चालेलच असं नाही

सातारा : हत्ती-ससे छापलेले रंगीबेरंगी कापडी डायपर आता मोबाईलवरून थेट वाडीवस्तीवर यायला लागलेत. आजी म्हणते लंगोटच बरा, बाळाची आई म्हणते रात्रीची झोप तरी मिळू दे, आणि बाप फोटो बघून ऑर्डर देऊन मोकळा होतो. आठवड्याभरात तक्रारी सुरू होतात. गळतोय, वाळत नाही, बाळाच्या जांघा लाल झाल्यात.

यात बहुतेक वेळा कव्हरचा दोष नसतो. दोष असतो आतल्या कापडाचा. आणि ते कापड आपल्या भागातल्या पाण्या-पावसाला जुळतं का, हे कुणी बघितलेलंच नसतं.

हिशेब मात्र कापडीच्याच बाजूचा आहे. वापरून फेकायचा एक डायपर १० रुपयांचा धरला आणि दिवसाला पाच लागले, तरी महिन्याचे दीड हजार होतात. शिवाय वापरलेला टाकायचा कुठे? घनकचरा नियमांत तो गुंडाळून वेगळा द्यायचा असं आहे, पण जिथं घंटागाडीच येत नाही तिथं तो ओढ्यात नाहीतर उकिरड्यावरच जातो.

दोन भाग, दोन कामं

कापडी डायपरमध्ये दोन गोष्टी असतात. बाहेरचं कव्हर ओल बाहेर येऊ देत नाही, आणि आतलं कापड, म्हणजे इन्सर्ट, लघवी शोषून घेतं. कव्हर स्वतः काही शोषत नाही.

चांगलं कव्हर पीयूएल कापडाचं असतं. पॉलिस्टरच्या कापडावर आतून पातळ पडदा चिकटवलेला असतो. त्यातून पाणी जात नाही, पण थोडी हवा खेळते. बाजारात मिळणारी चुरचुर वाजणारी प्लॅस्टिकची चड्डी स्वस्त पडते, मात्र आत घाम साचतो. आपल्या उन्हाळ्यात ती दिवसभर घालून ठेवणं म्हणजे घामोळ्यांना आमंत्रणच. बाहेरच्या देशांत मेंढीच्या लोकरीचीही कव्हरं वापरतात. लोकरीत लॅनोलिन नावाची चरबी असते, तिच्यामुळे ओल बाहेर झिरपत नाही. पण ती मऊ मेरिनो लोकर असते. आपली घोंगडीची लोकर पाठीवर ठीक, बाळाच्या कमरेला नको.

कव्हर घेताना मांडीचं इलॅस्टिक बघा. गळती बहुधा तिथूनच होते. घातल्यावर मांडीशी फट राहू नये आणि कमरेत दोन बोटं सहज जावीत. सगळ्या वयाला एकच माप असं लिहिलेलं कव्हर नवजात बाळाला बहुधा सैलच होतं. त्यामुळे पहिला महिना जुन्या मऊ सुती कापडाचे लंगोटच बरे. नाळ पडेपर्यंत बेंबीवर काहीही येऊ देऊ नका.

आतलं कापड

मायक्रोफायबर सगळ्यात स्वस्त, शोषतोही पटकन. पण बाळ बसलं की दाबाने तीच ओल परत बाहेर येते. दुसरं म्हणजे तो कातडीला थेट लागला तर कातडीतलाही ओलावा ओढून घेतो, कातडी कोरडी पडते. तो वापरायचाच तर वर मऊ कापडाचा थर हवाच.

सुती कापड सगळ्यांत सोशीक. उकळा, उन्हात टाका, इस्त्री करा, काही बिघडत नाही. बांबूचं म्हणून जे मिळतं ते खरं तर बांबूच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोज असतं. ते मऊ असतं, सुतीपेक्षा जास्त धरतं, पण वाळायला वेळ घेतं. हेम्प, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं कापड, सगळ्यांत जास्त धरतं, पण शोषतं हळू आणि धुऊन धुऊन कडक होतं. रात्रीसाठी खाली हेम्प किंवा बांबू आणि वर सुती अशी जोडी चांगली चालते.

घरी तपासायचं असेल तर इन्सर्टवर अर्धी वाटी पाणी ओता आणि मुठीनं दाबा. किती परत येतं ते लगेच दिसेल. मात्र नवं सुती, बांबू किंवा हेम्प चार-सहा वेळा धुतल्याशिवाय पूर्ण शोषत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशीच नावं ठेवू नका.

आपला तालुका कोणता?

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच, पण इकडं वाळवायची अडचण तर तिकडं धुवायची.

पाटण, जावळी, महाबळेश्वरकडं पावसाळ्यात बाळ असेल तर चार थर शिवलेला जाड इन्सर्ट घेऊ नका. तो दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि दमट कापड म्हणजे वास अन् पुरळ. त्यापेक्षा मोठं चौकोनी सुती कापड घ्या, घडी घालून कव्हरात ठेवा. धुतल्यावर ते उलगडून एकेरी वाळत घालता येतं. निखाऱ्यावर डालगं पालथं घालून त्यावर दुपटी वाळवायची जुनी रीत सुती कापडाला चालते. कव्हर मात्र तिथं चुकूनही ठेवू नका, इस्त्रीही नको आणि उकळतं पाणीही नको. उष्णतेनं आतला पडदा सुटतो.

माण-खटावला ऊन भरपूर, पाणी बेताचं. तिथं जास्त धरणारं बांबू किंवा हेम्प परवडतं. आणि खिशाचा डायपर घेण्यापेक्षा सुटं कव्हर घ्यावं. खिशाचा डायपर दर वेळी अख्खा धुवावा लागतो. सुट्या कव्हरात फक्त आतलं कापड बदलायचं आणि कव्हर पुसून पुन्हा वापरायचं, शी लागली तरच धुवायचं. बोअरच्या जड पाण्यात साबणाची वडी वापरली तर चिकट थर कापडावर बसतो आणि शोषणं कमी होतं. त्यापेक्षा थोडी पावडर घ्या आणि नीट खळबळा. सुगंधी कंडिशनर तर कुठल्याच तालुक्यात नको, तोही तसाच थर चढवतो.

शी कुठं टाकायची

तान्ह्या बाळाची शी निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे. तिच्यातूनही जुलाबाचे जंतू पसरतात. ती संडासात टाका. ओढ्यावर, आडाजवळ किंवा हापशाखाली ती कापडं खंगाळू नका. नुसत्या लघवीच्या कापडाचं पहिलं पाणी झाडांना घातलं तरी चालतं. धुऊन झालं की हात साबणानं धुवायचे.

कापड कुठलंही असो, दोन-तीन तासांनी बदलायचं, शी झाली तर लगेच. पुरळ भडक लाल होऊन कडेनं बारीक पुटकुळ्या आल्या, किंवा दोन-तीन दिवसांत ती उतरली नाही, तर बुरशी असू शकते. मग घरचा लेप लावत बसू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

रोज धुणार असाल तर २०-२४ आतली कापडं आणि ४-६ कव्हरं पुरतात. पण सगळं एकदम मागवू नका. आधी एक कव्हर, दोन प्रकारची कापडं आणा, आपल्या पाण्यात धुवा, आपल्या अंगणात वाळवून बघा, आणि मगच बाकीची ऑर्डर द्या.