मालक चांगला असला की झालं?

बोईसरमध्ये प्रदूषणाचा विषय निघाला की दोन मतं हमखास कानावर येतात. एक, कारखानदार सगळे सारखेच. दुसरं, मालक सज्जन असला की प्रश्न मिटला. दोन्ही गैरसमज आहेत आणि दुसरा जास्त महागात पडतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या निर्देशांकात बोईसरचं तारापूर एमआयडीसी 93.69 गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेच्या याचिकेवर हरित लवादाने 2022 मध्ये शंभरच्या आसपास कारखान्यांना आणि सांडपाणी केंद्र चालवणाऱ्या संस्थेलाही भरपाईचा आदेश दिला. पण तारापुरात कारखाने हजाराच्या वर आहेत. सगळ्यांना एकाच माळेचे मणी म्हणणं अन्यायाचं आहे.

मग नुसता सज्जनपणा का पुरत नाही? सीईटीपीत, म्हणजे सगळ्या कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, पाणी शुद्ध करतात ते जीवाणू. कारखान्याने आधी आपल्या आवारात आम्ल उदासीन करून, गाळ काढून मगच पाणी पुढे सोडायचं असतं. एखाद्याने तीव्र आम्लाचं पाणी तसंच ढकललं तर जीवाणू मरतात आणि त्यांची वाढ पुन्हा व्हायला बरेच दिवस जातात. तोवर नियम पाळणाऱ्यांचं पाणीही अर्धवट शुद्ध होऊन नवापूरच्या समुद्राकडे जातं. भोगतो तो तिथला मच्छीमार. म्हणजे चांगल्या मालकाने स्वतःचं पाणी सांभाळून भागत नाही, शेजाऱ्याच्या पाण्याचे नमुने तपासा असा आग्रहही त्यालाच धरावा लागतो. मला हा उद्योजकाचा सर्वांत दुर्मीळ गुण वाटतो.

उद्योजक जन्मावा लागतो, हेही खरं नाही. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी 1960च्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्यात छोट्या व्यावसायिकांना कर्तृत्वाच्या प्रेरणेचं प्रशिक्षण दिलं आणि त्यांची धडाडी वाढलेली दिसली. जिद्द शिकवता येते. मात्र ती कुठल्या आकड्यामागे धावते, हे महत्त्वाचं. फक्त टनावारी उत्पादन मोजलं, तर तीच जिद्द नाल्यात उतरते.

पर्यावरण म्हणजे निव्वळ खर्च, हाही समज अर्धाच खरा. औषध कारखान्यात वापरलेलं सॉल्व्हंट (द्रावक) ऊर्ध्वपातनाने परत मिळवलं की सांडपाण्याचा भार घटतो आणि नव्या खरेदीचे पैसेही वाचतात.

तारापूरच्या मालकांना एक विनंती आहे. महिन्याच्या आढाव्यात उत्पादनाच्या आकड्याशेजारी किलोमागे किती पाणी लागलं आणि किती सॉल्व्हंट परत मिळालं, हे दोन आकडे या महिन्यापासून लिहायला लागा.