लोकल (शब्द)

'लोकल' हे इंग्लिशमधून मराठीत आलेले विशेषण आहे. त्याचे मूळ लॅटिनमधील 'लोकस' (जागा) या शब्दात असून 'स्थानिक' हा त्याचा रूढ मराठी प्रतिशब्द होय. मराठीत संदर्भानुसार त्याचा अर्थ बदलतो.

प्रशासन : १८८३ च्या कायद्यानंतर नागपूरसह मध्य प्रांतात 'लोकल बोर्डे' आली. १९६२ पासून महाराष्ट्रात पंचायत समित्या आहेत. पारशिवनी येथील पंचायत समितीला आज 'स्थानिक स्वराज्य संस्था' म्हणतात. येथे 'लोकल' मागे पडला.

वाहतूक : मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेवरील पहिली उपनगरी गाडी धावली. अशा गाडीला 'लोकल' म्हणतात. 'लोकल चुकली' या प्रयोगात विशेषणाचे स्त्रीलिंगी नाम झाले आहे.

वैद्यक : 'लोकल भूल' म्हणजे शरीराच्या ठरावीक भागापुरती बधिरता. रुग्ण शुद्धीवर राहू शकतो. भूल हलक्या दर्जाची असा याचा अर्थ नव्हे.

बाजार : 'लोकल भाजी' म्हणजे जवळपास पिकलेली, म्हणून ताजी, 'लोकल सुटा भाग' म्हणजे मूळ कंपनीचा नसलेला, बहुधा कमी टिकाऊ. एकच शब्द एकीकडे गुण, तर दुसरीकडे दोष सांगतो.

विशेषण म्हणून हा शब्द लिंगवचनानुसार बदलत नाही : लोकल माल, लोकल गाडी, लोकल दुकाने.