शेजारचा पट्टा

कृषी विद्यापीठाची कामे तीन: शिक्षण, संशोधन आणि विस्तार शिक्षण. पहिली दोन बहुतांशी विद्यापीठाच्या आवारात चालतात, तिसरे बांधावर. महाराष्ट्रात राहुरीचे विद्यापीठ १९६८ साली, अकोल्याचे १९६९ साली आणि दापोली व परभणीची १९७२ साली सुरू झाली. विद्यापीठात तयार झालेले वाण आणि पद्धती गावापर्यंत नेणारी आजची मुख्य यंत्रणा म्हणजे कृषी विज्ञान केंद्र. देशातले पहिले केंद्र १९७४ साली पाँडिचेरीत तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या देखरेखीखाली निघाले. आता देशभरात सातशेच्या वर केंद्रे आहेत. काही विद्यापीठे स्वतः चालवतात, काही स्वयंसेवी संस्थांकडे आहेत: कोसबाडचे गोखले एज्युकेशन सोसायटीकडे, बारामतीचे अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टकडे. एका केंद्राला मंजूर माणसे १६. प्रमुख एक, निरनिराळ्या विषयांचे तज्ज्ञ सहा, बाकी सहायक आणि कार्यालयातली मंडळी. त्यात दोन वाहनचालकही धरले आहेत, आणि ते योग्यच आहे. जिल्ह्याचा पसारा पाहता गाडी उभी राहिली की विस्तारही थांबतो.

या कामाचे लोकांच्या डोळ्यांसमोरचे चित्र म्हणजे मांडव, हारतुरे आणि तासभराचे भाषण. मेळावे होतात, त्यांना गर्दीही होते. पण निम्मे लोक बियाण्याच्या पिशवीसाठी आलेले असतात. खरे काम प्रात्यक्षिकात असते. शेतकऱ्याच्या शेतात साधारण एकरभर क्षेत्रावर शिफारशीप्रमाणे पीक घ्यायचे आणि त्याला लागूनच त्याचा स्वतःचा, नेहमीच्या पद्धतीचा पट्टा ठेवायचा. कागदोपत्री याला आद्यरेषीय प्रात्यक्षिक म्हणतात. शेजारचा पट्टा नसेल तर ते नुसते चांगले आलेले पीक. त्यावरून कोणाला काही ताडून पाहता येत नाही.

मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या हरभऱ्याचे उदाहरण घेतले की हे काम क्रमाने दिसते. सुरुवात तक्रारीपासून होते. ऐन वाढीत झाडे माना टाकतात, पिवळी पडतात आणि वाळतात. शेतकऱ्याचा पहिला अंदाज पाण्याचा असतो: ओल कमी पडली. मोबाइलवर फोटो पाठवला तर तज्ज्ञाचेही उत्तर ठाम नसते; तो सांगतो, झाड मुळासकट उपटून आणा. शेतात गेला तर खिशातून ब्लेड काढतो, मुळाच्या वरचा बुंधा उभा चिरतो आणि दोन्ही फाका जमलेल्यांपुढे धरतो. पांढरट गाभ्यात काळपट तपकिरी रेघ उभी गेलेली असते. हा मर रोग. बुरशी मातीतून आणि बियाण्यातून येते, पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते, आणि जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहते. म्हणून वाळलेल्या झाडाला पाणी दिले काय आणि फवारले काय, उपयोग नाही. ती रेघ एकदा पाहिलेला माणूस नंतर स्वतःच झाडे चिरून पाहतो. तासाभराच्या व्याख्यानाने एवढे साधत नाही.

उपाय पेरणीआधीचा असतो, त्यामुळे पुढचे काम ऑक्टोबरात. आधी मातीचा नमुना. बांधालगत, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी किंवा नुकतेच खत टाकले तिथे माती घ्यायची नाही. शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, आणि खड्ड्यातली सुटी माती टाकून त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत पातळ कापटी काढायची. सगळी माती प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळून सावलीत वाळवतात. मग ढिगाचे चार भाग करतात, समोरासमोरचे दोन टाकतात, उरलेले पुन्हा मिसळतात. अर्धा किलो उरेपर्यंत हेच चालते. घमेले लोखंडी का नको, हा प्रश्न हमखास येतो. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या तपासणीत भांड्याचे लोह मातीच्या खात्यात जमा होऊ नये म्हणून.

पेरणीच्या दिवशी सकाळी ताडपत्री अंथरली जाते. वाण मर रोगाला दाद न देणारा निवडलेला असतो: राहुरीचा विजय किंवा दिग्विजय, अकोल्याचा जॅकी ९२१८. बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळतात. ही उपकारक बुरशी. रोगाच्या बुरशीला ती मुळाशी जागा मिळू देत नाही. मग १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम, गुळाच्या पाण्यात कालवून. गुळाचे पाणी थंड झालेले हवे, गरम ओतले तर जिवाणू तिथेच मरतात. चोळणे हलक्या हाताने, सुकवणे सावलीत, आणि पेरणी त्याच दिवशी. ही चार वाक्ये प्रत्येक घडीपत्रिकेत छापलेली असतात; चुका मात्र उन्हात घातलेल्या ताडपत्रीपाशीच होतात. म्हणून तज्ज्ञ स्वतः हात घालत नाही, शेतकऱ्याकडून करवून घेतो. घरातल्या बायका जवळ असतील तर त्यांच्याकडून करवून घेणे जास्त शहाणपणाचे, कारण बऱ्याच घरांत बियाणे त्याच राखतात. प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर मात्र पुरुषांचीच नावे जास्त दिसतात, हे या यंत्रणेचे जुने व्यंग आहे.

पीक फुलावर येऊ लागले की घाटे अळीचा पहारा सुरू होतो. एकरी दोन कामगंध सापळे लावतात. आतल्या गोळीला मादीचा वास असतो, त्यामुळे पिशवीत फक्त नर पतंग पडतात. सापळा अळीचा नाश करत नाही, ती येणार असल्याची वर्दी देतो. रोज सकाळी पतंग मोजायचे. सलग दोन-तीन दिवस सापळ्यामागे आठ-दहा आढळले तर फवारणीचा विचार. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क. पेरतानाच हरभऱ्यात ज्वारीचे चार दाणे टाकले असतील तर ती ताटे पक्ष्यांना बसायला होतात आणि अळ्या वेचण्याचे काम परस्पर होते. शेजारच्या पट्ट्यात दुकानदाराने सांगितलेले औषध पडत असते. त्याला आडकाठी करायची नाही; तुलना तिथेच होते.

या तुलनेत खोटही शिरते. केंद्राकडून निविष्ठा फुकट मिळतात, तेव्हा उरलेली पुडी शेतकरी आपल्या पट्ट्यालाही वापरून टाकतो. प्रात्यक्षिकासाठी शेत निवडताना डांबरी रस्त्याकडेचे, विहिरीचे, सधन माणसाचे निवडले जाते, कारण पाहुण्यांची गाडी तिथपर्यंत जाते. कोरडवाहू शेतकरी ते पीक पाहतो आणि म्हणतो, त्याच्याकडे पाणी आहे. त्याचे म्हणणे चूक नसते.

काढणीच्या सुमारास शिवारफेरी होते. दोन्ही पट्ट्यांतले सारखे क्षेत्र मोजून कापतात, मळणी वेगवेगळी करतात आणि वजन सर्वांसमोर काट्यावर. मग हिशेब. इथे तज्ज्ञाला बियाण्याच्या पिशवीपेक्षा वही जास्त उपयोगी पडते. शेतकऱ्याच्या तोंडी खर्चात बियाणे, खत, औषध, मजूर येतात. घरच्या माणसांची मजुरी, स्वतःच्या बैलांचे दिवस आणि पीककर्जाचे व्याज येत नाही. ते धरले की नफ्याचा आकडा खाली बसतो, कधी नाहीसाच होतो. समजा उत्पन्न एका क्विंटलने वाढले, पण त्यासाठी दोन फवारण्या जास्त लागल्या, तर फायदा वजनावरून नव्हे, वहीतल्या शेवटच्या ओळीवरून ठरतो.

त्याच वहीवर पुढचे विषय उभे राहतात. हरभरा कच्चा विकायचा की बचत गटाने अकोल्याच्या विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल घ्यायची? घ्यायची तर वर्षाला किती क्विंटल माल मिळाला म्हणजे वीज, मजुरी आणि कर्जाचा हप्ता सुटेल? गृहविज्ञानाची तज्ज्ञ परसबागेचे वाफे आखून देते आणि घरच्या भाजीने बाजारातले किती पैसे वाचले ते लिहायला लावते. अंतिम वर्षाचे विद्यार्थी, गावकऱ्यांच्या भाषेत कृषिदूत आणि कृषिकन्या, काही महिने गावाशी जोडलेले असतात. ते चावडीसमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढतात. विहिरी, पड जमीन, पाणंद त्यात भरताना म्हातारी माणसेच त्यांच्या चुका काढतात.

दुसऱ्या हंगामात त्या शेतकऱ्याला सहसा फुकट काही मिळत नाही. प्रात्यक्षिक दुसऱ्याच्या शेतात गेलेले असते. केंद्राचा माणूस त्या वाटेने जाताना मुद्दाम डोकावतो. हरभऱ्यात परागीकरण स्वतःचे स्वतःत होत असल्याने घरचे बियाणे दोन-तीन वर्षे चालते, ते कणगीत असतेच. तो पाहतो ते वेगळे: गोठ्याच्या वळचणीला ट्रायकोडर्माची रिकामी पुडी खोचलेली आहे का, आणि असेल तर दुकानाची पावती कोणाच्या नावाची.