चौथ्या दिशेची सावली

तारेचा चौकोनी ठोकळा करून दिव्यासमोर फिरवा. भिंतीवर सावलीतले चौकोन लहान-मोठे होतात, ठोकळा मात्र तसाच राहतो.

लांबी, रुंदी, उंचीपलीकडे चौथी दिशा मानली, तर ठोकळ्याला ८ ऐवजी १६ कोपरे येतात. तो हातात धरता येत नाही, पण हिशोबाने त्याची सावली काढता येते. १९७८ साली अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या थॉमस बँचॉफ आणि चार्ल्स स्ट्रॉस यांनी तो संगणकावर फिरवून चित्रपट केला. त्यात आतला ठोकळा फुगत बाहेर येतो, बाहेरचा आत जातो. मोडत काहीच नाही. बदलते ती सावली.

"गणित आपल्या डोक्यापलीकडचं," असं आम्हीही म्हणायचो. दिव्यासमोर बसलो आणि कळलं. तुम्हीही गटात करून पाहा.