‘येस सर’ पुरेसं नाही : न्हावा-शेव्याच्या काठावरची इंग्रजी

तोंडी परीक्षेसाठी इंग्रजीचा सराव म्हटलं की ‘फाडफाड’ हा शब्द आधी आठवतो. न अडखळता, भराभर, जमल्यास जरा परक्या हेलात बोलता आलं की इंग्रजी आलं, हा आपला रूढ समज. न्हावा-शेव्याच्या परिसरात मात्र अशी एक इंग्रजी शिकवली जाते, जिच्यात फाडफाड बोलणं हा दोष ठरतो. ती म्हणजे जहाजावरची इंग्रजी.

एके काळी शिकण्याची दिशा उलटी होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात जहाजांवर हिंदी खलाशी मोठ्या संख्येने असत आणि त्यांना हुकूम देता यावेत म्हणून गोरा अधिकारी त्यांची बोली शिके. थॉमस रोबक याने १८११ साली त्यासाठी इंग्रजी-हिंदुस्थानी नौकाकोशच छापला. सारंग, टंडेल, सुकाणी ही त्या बोलीतली हुद्द्यांची नावं. आपल्या कोळीवाड्यांत तांडेल आजही आहे. पुढे एकाच जहाजावर निरनिराळ्या देशांचे लोक काम करू लागले आणि सर्वांची सामाईक भाषा इंग्रजी झाली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९७७ मध्ये नौकानयनाची प्रमाण शब्दावली ठरवली आणि २००१ मध्ये तिची जागा घेणारी प्रमाण सागरी वाक्यं स्वीकारली.

न्हाव्यात खलाशी घडवणारं ‘ट्रेनिंग शिप रहमान’ आहे. नेरुळजवळ करावे इथे १९९३ पासून ‘ट्रेनिंग शिप चाणक्य’ भावी अधिकारी तयार करतं. शेजारचं बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. त्यासाठी ज्या गावांच्या जमिनी गेल्या, तिथल्या मुलांना बोटीवरची नोकरी हा एक मार्ग दिसतो, आणि त्या मार्गावर तोंडी परीक्षा उभी असते. मराठी माध्यमातला मुलगा तिला घाबरतो. पण या परीक्षेचं स्वरूप समजून घेतलं तर ती भीती बरीचशी अनाठायी वाटते.

या प्रमाण वाक्यांचा पाया एकच : ऐकणाऱ्याला एकच अर्थ लागला पाहिजे. म्हणून ‘मे’, ‘कॅन’, ‘कुड’, ‘शुड’ असे शब्द शक्यतो टाळायचे. ‘मे आय एंटर द फेअरवे?’ हे शाळेत शिकवलेलं नम्र वाक्य इथे चालत नाही. आधी ‘क्वेश्चन’ म्हणायचं आणि मग ‘डू आय हॅव परमिशन टु एंटर द फेअरवे?’ असं विचारायचं. पुढे येतो तो प्रश्न आहे, सूचना आहे की इशारा, हे पहिल्याच शब्दात कळतं. उत्तरही नुसतं ‘येस’ नको. ‘येस’ म्हणून पूर्ण वाक्य उच्चारायचं.

मराठी माणसाची खरी अडचण व्याकरणात नसून आकड्यांत आहे. आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो, इंग्रजीत वीस आधी येतो. ‘एकोणतीस’ तर तिसातून एक वजा करून तयार होतो. घाईत आकडे मनातल्या मनात भाषांतरित केले की उलटसुलट होतात. समुद्रावर दिशा सांगताना अंक सुटे म्हणतात : १८२ म्हणजे ‘वन एट टू’. सुकाणूचा कोन मात्र ‘फिफ्टीन’, ‘ट्वेंटी’ असा अखंड म्हणतात. हा भेद कानाला आणि जिभेला लावून घ्यावा लागतो. दुसरी अडचण ‘व’ची. इंग्रजीतली दोन वेगळी अक्षरं आपण एकाच ‘व’ने भागवतो. म्हणून जहाजाचं नाव सांगताना एकाला ‘व्हिक्टर’ आणि दुसऱ्याला ‘व्हिस्की’ म्हणायचं.

असा सराव एकट्याने आरशासमोर होत नाही. दोघांनी पाठीला पाठ लावून बसावं, म्हणजे ओठ आणि हातवारे दिसत नाहीत. एकाने ‘पोर्ट फिफ्टीन’ म्हणावं. दुसऱ्याने हुकूम जसाच्या तसा परत उच्चारावा, कृती करावी आणि ती झाल्याचं सांगावं. मध्येच मुद्दाम पुटपुटावं, म्हणजे समोरच्याला ‘से अगेन’ म्हणायची सवय लागते. सागरी वाहतुकीचे नियम शिकताना टेबलावर दोन काडेपेट्या ठेवाव्यात. समोरून आडवं जाणारं जहाज आपल्या उजव्या बाजूला असेल तर वाट आपण द्यायची, हे आधी मराठीत समजून घ्यावं आणि मग इंग्रजीत म्हणावं. नियम डोक्यात पक्का असला की शब्द फार दूर नसतात.

या सगळ्याचं मोल परीक्षेच्या गुणांपुरतं नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी न्हावा-शेव्याहून निघालेलं ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदराकडे येणारं ‘खलिजिया’ यांची टक्कर झाली. शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल पसरलं आणि दोन्ही बंदरांची वाहतूक थांबली. ज्या अरुंद जलमार्गातून अशी अवाढव्य जहाजं एकमेकांजवळून जातात, तिथे वायरलेसवरच्या एका वाक्याचा अर्थ लावत बसायला वेळ नसतो.

वडीलधाऱ्यांपुढे न कळलेल्या गोष्टीलाही ‘हो’ म्हणायचं, हे वळण आपल्याला लहानपणापासून असतं. वर्गात त्याने फारसं बिघडत नाही. सुकाणूवर तेच ‘येस सर’ घातक ठरतं. म्हणून या सरावात मोडायची असते ती सवय, आणि मिळवायचं असतं ते वरिष्ठालाही स्वच्छ आवाजात ‘मेसेज नॉट अंडरस्टुड’ असं सांगण्याचं धैर्य. ते आलं की उच्चारात थोडा आगरी-कोळी हेल राहिला तरी जहाजाचं काही अडत नाही.