शिवारातील पाठ

भाकरीचा तुकडा ताटात टाकून उठणाऱ्या मुलाला तो तुकडा किती महिन्यांच्या श्रमाने ताटापर्यंत आला, हे ठाऊक नसते. ज्वारी कोणत्या जमिनीत पिकते व केव्हा पेरतात, हे पुस्तकावरून पाठ करता येते. परंतु पाठ केलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले यांत मोठे अंतर असते. ते कमी व्हावे म्हणून शाळा विद्यार्थ्यांना शेतावर नेतात.

हा विचार जुना आहे. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला निवेदन सादर केले. प्राथमिक शाळांत शेतीचे मूलभूत ज्ञान द्यावे आणि ते प्रत्यक्ष कृतीतून शिकविण्यासाठी लहानसे नमुनेदार शेत असावे, असे त्यांनी त्यात सुचविले होते.

शेतावर गेल्याने पुस्तकापेक्षा अधिक काय कळते? सोलापूर जिल्ह्यातील रब्बी ज्वारीचे कोरडवाहू शेत पाहा. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. त्यानंतर पाऊस फारसा पडत नाही, पाटाचे पाणीही नसते. तरी ज्वारी वाढतच राहते. कारण काळ्या जमिनीने पावसाळ्यातील ओल पोटात साठविलेली असते. मात्र ही जमीन सुकू लागली की आकसते, तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून ओल उडून जाते. म्हणून पेरणीनंतर सुमारे आठ आठवड्यांनी शेतकरी पिकाच्या ओळींमधून दातेरी कोळपे फिरवितो. कोळपणी केवळ तण काढण्यासाठी असते, असे पाहणाऱ्याला वाटते. परंतु कोळप्याने भुसभुशीत झालेली माती भेगा बुजविते आणि खालची ओल झाकून ठेवते. वरची कोरडी माती हाताने बाजूला सारली, की खाली गार, ओलसर माती बोटांना लागते. मग निराळे स्पष्टीकरण लागत नाही.

शिवारात गणितही असते. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि ओळीतील दोन धाटांत १५ सेंटिमीटर अंतर असेल, तर एका चौरस मीटरवर सुमारे १५ धाटे बसतात. विद्यार्थ्यांनी टेप घेऊन हे पडताळून पाहावे. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारा शेतकऱ्याचा मुलगा अशा वेळी पुढे होतो आणि इतरांना समजावून सांगू लागतो.

शेत ही सहलीची बाग नव्हे. तेथे बांधावरूनच चालावे, उभे पीक तुडवू नये, विचारल्याशिवाय कणीस मोडू नये. शेतकऱ्याला कामाच्या मध्येच अडवू नये. त्याला सवड झाली, म्हणजे नम्रपणे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत टिपून घ्यावीत.

एका भेटीत सारे कळत नाही. दाणा भरू लागला की पाखरांचे थवे उतरतात. तेव्हा माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणारा राखणदार पाहावा. पुढे काढणी व मळणी पाहण्यासही जावे. मळणी आता बहुधा यंत्राने होते. पण ऐन काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला, तर भरलेली कणसे काळी पडतात. तेथे कोणतेही यंत्र उपयोगी पडत नाही. इतके पाहून आलेल्या मुलाला ताटात तुकडा टाकू नकोस, असे सांगावे लागत नाही.